करार कोणाचा, संमती कोणाची?

तेल्हारा तालुक्यातले आडगाव इंग्रजी इतिहासग्रंथांत 'अरगाव' या नावाने येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी या गावाच्या शिवारात जनरल आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दोन आठवड्यांनी गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह झाला. त्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीकडे गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडचा मुलूख कंपनीच्या दोस्ताला, म्हणजे हैदराबादच्या निजामाला मिळाला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याचा काही भाग तेवढा भोसल्यांकडे राहिला. पुढे तोही निजामाकडे गेला.

या तहाच्या कागदावर दोन सरकारांच्या सह्या होत्या. ज्याच्या वावरातून घोडदळ गेले, त्या शेतकऱ्याची सही कुठेच नव्हती. आपला धनी बदलला हे त्याला बहुधा सारावसुलीला नवा माणूस दारात उभा राहिला तेव्हाच कळले असेल.

नीती, लोकशाही आणि आंतरराष्ट्रीय कायदा हे तीन विषय आपल्याकडे तीन वेगळ्या कपाटांत ठेवले जातात. नीती मौलवीसाहेबांनी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगायची, लोकशाही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकायची आणि आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे दूर कुठेतरी हेग नाहीतर न्यूयॉर्क येथे चालणारा मोठ्यांचा कारभार. माझ्या मते या तिन्हींचा पाया एकच आहे. दिलेला शब्द पाळावा, ज्यांच्याविषयी शब्द दिला जातो त्यांना विचारावे, आणि वाद झाला तर स्वतःच स्वतःचा काझी होऊ नये. पहिली गोष्ट नीतीची, दुसरी लोकशाहीची, तिसरी कायद्याची. यांतली एक काढून घेतली की बाकीच्या दोन पोकळ होतात. हे समजून घ्यायला फार लांब जाण्याची गरज नाही. आपल्या वऱ्हाडचा दीडशे वर्षांचा इतिहास पुरेसा आहे.

देवगावच्या तहानंतर पन्नास वर्षांनी, १८५३ मध्ये, लॉर्ड डलहौसीच्या काळात हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडील भाग कंपनीच्या हवाली केला. फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च रयतेचा. १८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहात रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच विश्वस्त म्हणून ठेवण्यात आले. शिल्लक रक्कम निजामाला द्यायची असे ठरले. परंतु जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून द्यावा, असेही त्याच तहात लिहिले गेले.

जिचा हिशेब मागता येत नाही, त्या वस्तूला अमानत म्हणता येईल काय? आपल्याकडे लहान मुलालाही अमानत म्हणजे काय ते ठाऊक असते. शेजाऱ्याने ठेवायला दिलेला डबा जसाच्या तसा परत करायचा असतो. १८६० च्या कागदावर शब्द विश्वासाचा होता, व्यवहार मात्र कब्जाचा होता. कायद्याची भाषा नीतीपासून तुटली की असे होते. कागद बिनचूक असतो, पण त्यातला इमान निघून गेलेला असतो.

सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून पुष्कळ खटपट केली, ती फळाला आली नाही. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, सालाना पंचवीस लाख रुपये. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. लगेच १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आले. एखादे वावर मक्त्याने द्यावे तसा लाखो माणसांचा मुलूख देण्यात आला. वावर मक्त्याने देताना निदान बांधावरच्या शेजाऱ्याला तरी कळते.

या पट्ट्यातून एक विचित्र अवस्था जन्माला आली. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, ते परक्या राजाचे होते. म्हणून १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी मध्य प्रांताच्या कौन्सिलात गेले, तरी कागदोपत्री त्यांना सरकारने 'नेमलेले' सभासद म्हणून बसावे लागे. मत लोकांचे, पण कागदावर मान्यता साहेबाची! आंतरराष्ट्रीय कराराचा एक बारीक कलम लोकशाहीचा अर्थ कसा बदलून टाकतो, याचा याहून स्पष्ट नमुना मला माहीत नाही.

१९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले. मागणीला आधार होता. आपण दिले ते दडपणाखाली दिले, आणि ज्या कारणासाठी दिले ते कारण उरले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रज सरकारने नकार दिला. तेव्हा या वादाच्या चौकशीसाठी आयोग नेमावा, अशी मागणी त्यांनी केली. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांचे प्रसिद्ध उत्तर आले. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करण्याचा हक्क सांगता येत नाही, असा त्याचा आशय होता. आयोगाची मागणीही फेटाळली गेली.

पाहा, १८५३ मध्ये सही घ्यायची होती तेव्हा निजाम करार करण्याइतका स्वतंत्र राजा होता. १९२६ मध्ये त्याच कराराविषयी दाद मागायची झाली, तेव्हा तो बरोबरीचा राहिला नाही. करारातला एक पक्ष, तोच अर्थ लावणारा आणि तोच निकाल देणारा. बलवानाचा शब्द आणि बलवानाचा न्याय एकाच हातात असला की दुबळ्याच्या हाती फक्त कागद उरतो.

येथपर्यंत आपली सहानुभूती निजामाकडे झुकते, आणि आपल्या समाजात ती अंमळ जास्तच झुकते. म्हणून पुढचा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. निजामाने तरी वऱ्हाडच्या लोकांना विचारले होते काय? १९२३ च्या पत्रात त्यांनी वऱ्हाडला जबाबदार राज्यपद्धती देऊ, असे आश्वासन दिले होते. खुद्द हैदराबाद संस्थानातल्या रयतेला मात्र तशी राज्यपद्धती नव्हती. जे घरात दिले नाही ते बाहेर देण्याचे वचन किती खरे मानायचे? १९३६ मध्ये दोन्ही सरकारांचे पुन्हा जमले. निजामाची वऱ्हाडवरील नाममात्र सत्ता मान्य झाली, युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि कारभार होता तिथेच राहिला. किताबाची देवघेव झाली, रयत पुन्हा कागदाबाहेरच राहिली.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ मध्ये कायम शांततेविषयी एक छोटा प्रबंध लिहिला. राष्ट्राराष्ट्रांतील कायदा टिकायचा असेल तर प्रत्येक राष्ट्राची घटना प्रजासत्ताक असली पाहिजे, हे त्याचे पहिले सूत्र होते. कारण सरळ आहे. लढाईत ज्यांची मुले मरतात आणि ज्यांच्या घामातून खर्च निघतो त्यांना विचारले, तर ते हजारदा विचार करतील. राजाला विचारले तर त्याची मेजवानीही चुकत नाही. वऱ्हाडची कहाणी वाचताना हे सूत्र पटते. ज्या करारामागे लोकांची संमती नाही, तो दोन मोठ्या घरांमधला खाजगी सौदा असतो. त्याला कायदा म्हणायचे ते केवळ सवयीने.

हा विचार युरोपातून आला म्हणून आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. सूरे माइदाची सुरुवातच करार पुरे करण्याच्या आज्ञेने होते. परक्यांशी, शत्रूंशी, तह केलेल्यांशी कसे वागावे याचे शास्त्र आपल्या फिकहमध्ये 'सियर' या नावाने आहे. इमाम अबू हनीफा यांचे शागीर्द इमाम मुहम्मद शैबानी (मृत्यू इ. स. ८०५) यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ रचले. युरोपात ग्रोशियसचा प्रसिद्ध ग्रंथ आला १६२५ मध्ये. हैदराबादेत १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी उस्मानिया विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला आणि हे जुने शास्त्र आधुनिक अभ्यासकांसमोर मांडले. या वारशाचा अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान बाळगणाऱ्यावर त्या वारशाच्या मापाने स्वतःला मोजून घेण्याची जबाबदारीही येते.

हुदैबियाचा तह (इ. स. ६२८) आपण सर्वांनी ऐकलेला आहे. समोरच्या पक्षाच्या आग्रहाखातर हजरत पैगंबर (स.) यांनी तहनाम्यातून 'रसूलुल्लाह' हा शब्द काढू दिला आणि फक्त आपल्या वडिलांचे नाव लिहू दिले. रेडिंगच्या पत्राच्या शेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा. करार करायचा तर टेबलाच्या दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या असाव्या लागतात, आणि त्यासाठी आपला किताब बाजूला ठेवावा लागतो. तहाच्या वेळीच बेड्या पायात असलेले अबू जंदल आसऱ्याला आले. अटीप्रमाणे त्यांना परत जावे लागले. सहाबांनाही ते फार जड गेले.

येथे विचारी माणूस थांबतो. शब्द पाळण्यासाठी एका माणसाला परत पाठवायचे, तर त्या माणसाच्या संमतीचे काय? माझ्या तीन सूत्रांतली पहिली दोन येथे एकमेकांवर आदळतात, हे मान्य केले पाहिजे. पण कहाणी येथे संपत नाही. त्यानंतर मक्केहून उम्मे कुलसूम बिन्ते उक्बा निघून आल्या आणि त्यांचे भाऊ त्यांना न्यायला आले. त्यांना परत पाठवण्यात आले नाही. अशा स्त्रियांचे मन आधी जाणून घ्यावे, त्या ईमान घेऊन आल्या असतील तर परत करू नये, असा आदेश सूरे मुम्तहिनामध्ये आला. कराराच्या अक्षराला मर्यादा असते आणि ती मर्यादा माणसाला विचारल्यावर सापडते, असा बोध मी त्यातून घेतो. फिकहच्या जाणकारांनी यावर अधिक लिहावे.

आता १९४८ कडे वळू. त्या वर्षी २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेने विषय चर्चेला घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. पुढे तक्रारही मागे घेतली गेली. हैदराबाद हे राष्ट्र आहे की नाही, एवढ्या प्रश्नावर कायदा घुटमळत राहिला. संस्थानातल्या माणसांचे काय, हा प्रश्न कुणीच पुरेसा विचारला नाही. निजामाने जगाच्या दरवाजावर थाप मारली खरी, पण पाठीशी रयतेची संमती नव्हती, आणि रझाकारांच्या अत्याचारांनी त्याची नैतिक बाजू आधीच धुऊन टाकली होती. त्यानंतर मराठवाड्यात आणि इतर जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. अत्यंत सावध अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असे तिने नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे नाव निघाले की आपण सुंदरलाल समितीकडे बोट दाखवतो. समितीचे नाव निघाले की दुसरे लोक रझाकारांकडे बोट दाखवतात. दोन्हीकडच्या मेलेल्यांना एकाच सुरात सलाम करणारा माणूस दुर्मिळ आहे. नीतीची सुरुवात त्याच्यापासून होते.

१९५० मध्ये आपली घटना लागू झाली. वऱ्हाडच्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला आपण कोणाच्या राज्यात राहतो याविषयी बोट उचलण्याचा हक्क प्रथमच मिळाला. त्याच घटनेच्या ५१ व्या कलमात आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांची बंधने यांविषयी आदर वाढवण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे लिहिले आहे. म्हणजे मताचा हक्क आणि जगाशी इमान हे दोन्ही आपल्याला एकाच पुस्तकात मिळाले. पण एक फट अजून आहे. भारतात आंतरराष्ट्रीय करार सरकार करते, त्याला संसदेची आधी मंजुरी घेण्याचे बंधन नाही. एप्रिल १९९४ मध्ये माराकेश येथे जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली तेव्हा आमच्या भागातल्या पऱ्हाटीवाल्याला कोणी विचारले नव्हते. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना प्रचंड अनुदान देते, त्याने जगातला भाव पडतो आणि त्याची झळ तेल्हाऱ्याच्या बाजारापर्यंत पोचते.

तरीही १९२६ आणि आजच्यात एक फरक पडला आहे, तो नजरेआड करू नये. २००२ मध्ये ब्राझीलने त्या अनुदानाविरुद्ध संघटनेत तक्रार केली, २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि २००५ मध्ये अपिलातही तो टिकला. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेला तीस कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. निजामाला जो पंच मिळाला नाही तो ब्राझीलला मिळाला. पण डिसेंबर २०१९ मध्ये त्याच संघटनेचे अपील मंडळ बंद पडले, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. रेडिंगसाहेबांचे पत्र काही पूर्णपणे जुने झालेले नाही.

आता घराच्या उंबरठ्याच्या आत येऊ. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा जो जागतिक करार आहे, त्याला भारताने ९ जुलै १९९३ रोजी मान्यता दिली. देताना एक निवेदन जोडले. विवाह आणि कुटुंब यांसंबंधीच्या कलमांच्या बाबतीत, कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही, असे सरकारने सांगितले. हे निवेदन ऐकून आपल्यापैकी अनेकांना हायसे वाटले असेल, आणि त्यात तथ्यही आहे. अल्पसंख्य समाजावर बहुसंख्येच्या जोरावर काही लादले जाऊ नये, ही लोकशाहीचीच मागणी आहे. पण 'समाजाची संमती' म्हणजे कोणाची संमती? ज्यांच्या तलाकविषयी, मेहेरविषयी, वारसाविषयी बोलायचे, त्या बायकांना कधी कोणी विचारले? सरकारने पुढाऱ्यांना विचारायचे आणि पुढाऱ्यांनी बायकांच्या वतीने उत्तर द्यायचे, हा तर वऱ्हाडच्या पट्ट्याचाच नमुना झाला. इंग्रजांनी निजामाला विचारले होते, रयतेला नव्हे.

आणि गंमत अशी की, निकाह हा आपल्याकडे मुळातच करार आहे. ईजाब, कबूल, दोन साक्षीदार. हनफी मताप्रमाणे सज्ञान मुलीच्या रजामंदीशिवाय तो होत नाही. निकाहनाम्यात अटी लिहिता येतात, तलाकचा अधिकार बायकोला सोपवण्याची तरतूदही फिकहमध्ये आहे. प्रत्यक्षात काय होते? वकील आणि साक्षीदार आत जातात, ओढणीखाली एक मान हलते, नाहीतर एक हुंदका ऐकू येतो, आणि बाहेर मुबारकबादी सुरू होते. मेहेर किती ठरला ते नवरीला पुष्कळदा इतरांच्या नंतर कळते. ज्या घरात दोन माणसांमधला करार पुरता वाचून दाखवला जात नाही, त्या घरातून निघालेला मुलगा राष्ट्राराष्ट्रांतल्या करारांविषयी रागाने बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्याला वजन कसे यावे?

आज आपल्या मोहल्ल्यांत गाझाविषयी बोलले जाते, आणि बोललेच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये हेगच्या न्यायालयात इस्रायलविरुद्ध दावा दाखल केला, २६ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिले, तरी माणसे मरत राहिली. त्यामुळे तरुण विचारतात, "सर, हा कायदा फक्त गरिबांसाठी आहे का?" त्यांचा संताप समजतो. पण कायदा खोटा आहे असे म्हणून तो फेकून दिला, तर उरते ते रेडिंगचे पत्र, दुसरे काही नाही. दुबळ्याला कायद्याची गरज बलवानापेक्षा जास्त असते. म्हणून कायद्याचे माप खरे राखण्याची चिंताही त्यानेच जास्त केली पाहिजे. गाझाला जे माप लावतो तेच १९७१ च्या पूर्व पाकिस्तानातल्या बंगाल्यांना लावावे, २००३ नंतरच्या दारफुरला लावावे, २०१४ मध्ये इराकमध्ये यझिदींवर गुदरले त्याला लावावे. या तिन्ही ठिकाणी मारणारे मुसलमान म्हणवणारे होते. साक्ष स्वतःविरुद्ध आणि आप्तांविरुद्ध द्यावी लागली तरी इन्साफावर उभे राहावे, ही शिकवण आपल्यालाच दिलेली आहे. ती फक्त जुम्याच्या बयानापुरती नाही.

मग माझ्यासारख्या एका तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाने काय करावे? हेगच्या न्यायालयाची मदत मी करू शकत नाही. पण वर्गात इतिहास शिकवताना प्रत्येक तहाच्या तारखेखाली मुलांना एक रिकामी ओळ सोडायला सांगता येते, 'यात कोणाला विचारले नाही?' मशिदीच्या, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या कमिटीचा वर्षाचा हिशेब सर्वांसमोर वाचला जावा, असा आग्रह धरता येतो. बहिणीच्या, मुलीच्या निकाहाआधी निकाहनाम्याचा कोरा फॉर्म आठ दिवस तिच्या हातात देता येतो, तिने वाचावा, विचारावे, खोडावे. आणि आपल्या माणसाशी आपला वाद झाला, तर तिसऱ्या माणसाला पंच नेमून त्याचा निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी मानता येतो. यांतले शेवटचे सर्वांत अवघड आहे. ते एका माणसाला जमले, तर एका राष्ट्राला का जमू नये, असे विचारण्याचा हक्क त्याला मिळतो.